सॅक्सनीचा टालर ओळखायला शिकताना: आधी काटा, मग चेहरा

२९.२३ ग्रॅम. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा आकडा तेवढा पाठ करा.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७६३ पर्यंत जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या इलेक्टरांनी, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राजांनी, चांदीचं जे मोठं नाणं, म्हणजे टालर, पाडलं त्याचं हे ठरलेलं वजन. त्या काळात तीस वर्षांचं युद्ध झालं, एका राजाने पोलंडच्या मुकुटासाठी धर्म बदलला, प्रशियाचं सैन्य येऊन टांकसाळीत बसलं. छोटी नाणी किती वेळा हलकी झाली त्याची गणती नाही. मोठं नाणं मात्र, एक वाईट मधला काळ सोडला तर, त्याच वजनाला धरून राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण अडीच तोळे. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, तेव्हा एका पारड्यात टालर ठेवला तर दुसऱ्यात अडीच रुपये ठेवावे लागतील.

शिवराई, मुघल रुपये, संस्थानांची नाणी असं काही वर्षं गोळा केल्यावर अनेकांना युरोपातलं एखादं जुनं नाणं घ्यावंसं वाटतं. मग ऑनलाइन लिलावांची पानं उघडली जातात आणि शेकडो जर्मन राज्यांची हजारो नाणी बघून डोकं गरगरतं. माझा सल्ला साधा आहे: एकच राज्य घ्या, आणि ते सॅक्सनी घ्या. नाणी भरपूर आहेत, बहुतेकांवर साल असतं, आणि १५५६ पासून बराच काळ जवळजवळ सगळं काम ड्रेस्डेनच्या एकाच टांकसाळीत झालं. मुघल रुपयावर अख्खा ठसा उमटलेला मिळणं नशिबाची गोष्ट असते, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा. टालरवर राजाचं नाव, पदव्या, साल, टांकसाळीच्या अधिकाऱ्याची खूण असं सगळं एकाच नाण्यावर वाचता येतं.

उच्चाराचं आधीच सांगून टाकतो. जुन्या स्पेलिंगमध्ये टी-नंतर एच असतो, म्हणून आपल्याकडे थेलर, थॅलर असं काहीही म्हणतात. जर्मन माणूस टालर म्हणतो.

हे नाणं आलं कुठून

सॅक्सनी आणि बोहेमियाच्या सीमेवर एर्त्सगेबिर्ग नावाची डोंगररांग आहे. नावाचा अर्थच खनिजांचे डोंगर. फ्रायबर्गला ११६८ मध्ये चांदी सापडली, पंधराव्या शतकाच्या शेवटी श्नेबर्ग आणि आनाबर्गच्या खाणी जोरात आल्या. चांदी एवढी निघू लागली की तिचं करायचं काय हा प्रश्न. मोठ्या व्यवहाराला तेव्हा सोन्याचा गुल्डन चालायचा. तेवढ्याच किमतीचं चांदीचं नाणं पाडलं तर? टिरोलमध्ये हाल गावी १४८६ मध्ये हा प्रयोग झाला होता. सॅक्सनीने १५०० मध्ये तो मनावर घेतला आणि २१ ग्रोशन (ग्रोशन म्हणजे तिथलं चांदीचं छोटं नाणं) किमतीचं जाडजूड नाणं काढलं. वीस वर्षांनी डोंगराच्या पलीकडे, बोहेमियात, श्लिक घराण्याच्या सरदारांनी योआखिम्सटाल गावात तसंच नाणं ढिगांनी पाडलं. गावाच्या नावावरून ते योआखिम्सटालर, मग नुसतं टालर, आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी डॉलर. म्हणजे कल्पना सॅक्सनीने आधी राबवली आणि नाव शेजाऱ्याचं झालं.

पहिली पायरी: काटा

नाणं हातात आलं की आधी वजन करा. चेहरा नंतर बघा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. स्वयंपाकघरातल्या काट्याचा इथे उपयोग नाही.

वजनामागचा हिशेब समजून घेतला की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. त्या वेळी चांदी कोलोन मार्कात मोजत. एक मार्क म्हणजे २३३.८५६ ग्रॅम. शुद्धता मोजायची लोटमध्ये, आणि पूर्ण चोख चांदी म्हणजे १६ लोट. सोळा आणे खरं म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला अडचण नसावी. एका लोटचे १८ ग्रेन. १५६६ मध्ये औग्सबर्गच्या सभेत साम्राज्यभरासाठी टालरचं माप ठरलं, ते असं: कस १४ लोट ४ ग्रेन. ग्रेनमध्ये करून बघा. १४ गुणिले १८ अधिक ४, म्हणजे २५६. पूर्ण चोख म्हणजे २८८. भागाकार बरोबर आठ-नवमांश येतो. म्हणून आठ टालर काट्यावर ठेवले की एक मार्क भरतो, आणि एक मार्क चोख चांदी जमवायला नऊ टालर वितळवावे लागतात. प्रत्येक टालरमध्ये चोख चांदी २५.९८ ग्रॅम, बाकी तांब्याचं हीण. इतका सुटसुटीत हिशेब बघून तो ठरवणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली होती.

प्रत्यक्षात वापरलेलं नाणं २८.६ ते २९.२ च्या दरम्यान भरतं. २८ च्या खाली गेलं तर थांबा. झिजून एवढं वजन गेलं असेल तर चेहराही तेवढाच झिजलेला दिसायला हवा. चेहरा ठसठशीत आणि वजन कमी, असं असेल तर काहीतरी गडबड आहे.

१७६३ नंतरच्या नाण्यांना हा आकडा लावू नका. सात वर्षांच्या युद्धात सॅक्सनीचं दिवाळं निघालं, आणि तह झाल्यावर त्यांनी ऑस्ट्रिया-बव्हेरियाचं कन्व्हेन्शन माप स्वीकारलं: दहा टालरमध्ये एक मार्क चोख चांदी, नाण्याचं वजन २८.०६ ग्रॅम, कस हजारात ८३३. यातला चोख चांदीचा हिशेब नाण्यावरच लिहिलेला असतो, लॅटिन दहाचा फुली-आकडा आणि पुढे ‘आइने फाइने मार्क’. आपल्या आतली चांदी पोटावर लिहून फिरणारं नाणं, याहून सोपं काय हवं!

इथेच एक धोका आहे आणि तो आपल्या माणसांना जास्त आहे. १७८० सालचा मारिया थेरेसाचा टालर तुम्ही जुन्या बाजारात पाहिला असेल. तो ऑस्ट्रियाचा, सॅक्सनीचा नाही, पण वजन त्याच मापाचं. राणी १७८० मध्ये वारली, तरी तेच साल घालून हे नाणं पुढची दीडशे-दोनशे वर्षं वेगवेगळ्या टांकसाळींत पाडलं गेलं, कारण आफ्रिका आणि अरबस्तानात दुसरं नाणं कुणी घेईना. १९४०-४१ मध्ये तर ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. त्यामुळे ‘अठराव्या शतकातला जर्मन टालर’ म्हणून कुणी ते दाखवलं तर ते फोर्टातलंही असू शकतं. मुंबईचं नाणं म्हणून अवश्य घ्या, पण किंमत त्या हिशेबाने द्या.

दुसरी पायरी: हे नेमकं कुठलं सॅक्सनी

नाण्यावर ‘साक्स’ दिसलं की ड्रेस्डेन, असं नसतं. मधे भाऊबंदकी आहे.

१४८५ मध्ये एर्न्स्ट आणि अल्ब्रेख्ट या दोन भावांनी लाइपझिगला राज्याची वाटणी केली. इलेक्टरपद थोरल्या पातीकडे. १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत थोरली पाती हरली आणि ते पद धाकट्या पातीला गेलं. धाकट्यांनी राज्य बऱ्यापैकी एकसंध ठेवलं. थोरल्यांच्या वंशात मात्र वाटणीवर वाटणी होत वायमार, गोथा, कोबुर्ग, आल्टेनबुर्ग अशी तुकड्या-तुकड्यांची राज्यं झाली आणि प्रत्येकाने नाणी पाडली. वायमारच्या एका प्रसिद्ध टालरवर आठ भाऊ आहेत, चार पुढे आणि चार मागे, सातबाराच्या उताऱ्यावर नावं असावीत तसे.

सुरुवातीला फक्त धाकट्या पातीची, म्हणजे इलेक्टरांची नाणी घ्या. ओळखायची खूण: एकमेकींवर फुली मारलेल्या दोन तलवारी. सॅक्सनीचा इलेक्टर हा साम्राज्याचा मुख्य मार्शल, दरबारात तलवार धरणारा, म्हणून ढालीत त्या तलवारी येतात आणि राजाच्या खांद्यावरही एक नागडी तलवार असते. माइसनच्या चिनीमातीच्या कपाखाली निळ्या तलवारी पाहिल्या असतील, त्या याच. अर्थात १५४७ च्या आधीच्या नाण्यांवर त्याच तलवारी थोरल्या पातीच्या असतात. त्या नाण्यांच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका.

तिसरी पायरी: एक नाणं नीट वाचा

पहिला अभ्यास ‘तीन भावांच्या टालर’वर करावा असं माझं मत आहे. मुबलक आहे, चांगल्या अवस्थेत मिळतो, आणि त्यात एक गोष्ट आहे.

इलेक्टर पहिला ख्रिस्तियान १५९१ मध्ये वारला. मागे तीन मुलगे: ख्रिस्तियान आठ वर्षांचा, योहान गेओर्ग सहाचा, आउगुस्ट दोनाचा. वायमारच्या पातीतला एक भाऊबंद पालक म्हणून कारभार बघू लागला. नाण्यावर मात्र तिघं मुलगे, कमरेपर्यंत, समोर तोंड करून. दोन वर्षांचं पोरही भारी पोशाखात. भोवती लॅटिनमध्ये तिघांची नावं, मागे ढाल आणि तिच्यावर शिरस्त्राणं. उलट बाजूची अक्षरं सांगतात: हे भाऊ आणि सॅक्सनीचे ड्यूक. १६०१ मध्ये थोरला कारभार बघू लागला की मांडणी बदलते. आता पुढच्या बाजूला तो एकटा, खांद्यावर तलवार. धाकटे दोघं मागच्या बाजूला, एकमेकांकडे तोंड करून. कोण वयात आला आणि कोण अजून भाऊच आहे, हे नाणं उलटवलं की कळतं. १६११ मध्ये थोरला वारला. पुढे योहान गेओर्ग आला, काही वर्षं आउगुस्टला मागच्या बाजूला घेऊन. आणि १६१५ मध्ये आउगुस्टही गेल्यावर नाण्यावर तो एकटाच उरला, थेट १६५६ पर्यंत. पंचेचाळीस वर्षांची कारकीर्द, त्यामुळे बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा चेहरा याचाच. दाढी, रुंद अंग, एका हातात तलवार.

अक्षरं वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, यू-च्या जागी व्ही आणि जे-च्या जागी आय कोरलेला असतो. दोन, शब्द वाटेल तिथे तोडलेले असतात; जागा संपली की शब्द संपला, आपल्या एसटीच्या पाट्यांसारखं. डी आणि जी ही दोन अक्षरं म्हणजे देवाच्या कृपेने. ‘आर्किम एट एलेक’ म्हणजे मुख्य मार्शल आणि इलेक्टर. तीन, पदवी म्हणजे जमीन नव्हे. योहान गेओर्गपासून पुढे ‘यूलिश, क्लेव्ह आणि बर्गचा ड्यूक’ अशी पदवी दिसू लागते. ऱ्हाईनच्या बाजूच्या या मुलखाचा वारस १६०९ मध्ये संपला, अनेकांनी दावा केला, सॅक्सनीनेही केला. १६१४ मध्ये मुलूख ब्रांडेनबर्ग आणि नॉइबर्गने वाटून घेतला. सॅक्सनीला काही मिळालं नाही. नाण्यांवरचा दावा मात्र पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला.

मग टांकसाळ-अधिकाऱ्याची खूण शोधा. नाण्यावरच्या मजकुराच्या शेवटी किंवा ढालीच्या आसपास छोटी अक्षरं असतात. एच आणि बी म्हणजे हान्स बीनर. १५५६ मध्ये इलेक्टर आउगुस्टने बाकीच्या टांकसाळी बंद करून कारभार ड्रेस्डेनला आपल्या वाड्याशेजारी आणला, तेव्हापासून १६०४ पर्यंत हा माणूस कामावर होता. जवळजवळ अर्धं शतक! त्याच्या मागून आलेल्या हाइनरिश फॉन रेनेनने हंसाची खूण वापरली. १६४० पासून पुढे सी आणि आर, म्हणजे कोन्स्टांटिन रोथे. ही खूण सालाशी जुळली पाहिजे. १५९८ सालच्या नाण्यावर हंस दिसला तर विकणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करून पुढे जा.

टालर किती ग्रोशनचा? मारामारीचा प्रश्न

नवख्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो, माझाही उडाला होता. पुस्तकी उत्तर: एक टालर म्हणजे २४ ग्रोशन, एक ग्रोशन म्हणजे १२ फेनिग. पण काळ पुढे सरकला तशी छोटी नाणी हलकी होत गेली आणि मोठं नाणं तसंच राहिलं. १६९० च्या लाइपझिग मापाने छोट्या नाण्यांत बारा टालरला एक मार्क चोख चांदी आली, मोठ्या नाण्यात नऊलाच. बारा भागिले नऊ. म्हणजे हातातलं मोठं नाणं हिशेबातल्या सव्वा नव्हे, एक आणि एक-तृतीयांश टालरच्या बरोबर झालं, ३२ ग्रोशन. तेव्हापासून वहीतला टालर वेगळा आणि गल्ल्यातला वेगळा. गल्ल्यातल्याला स्पेत्सिएस टालर म्हणायचं. याच काळात दोन-तृतीयांश टालरचं, म्हणजे १६ ग्रोशनचं नाणं बरंच पाडलं गेलं: १७.३ ग्रॅमच्या आसपास, कस ७५०. खिसा लहान असेल तर सुरुवातीला हे घ्यायला हरकत नाही.

वाईट वर्षं

दोन काळांत नाण्यांवर विश्वास ठेवताना जपायचं.

पहिला १६१९ ते १६२३. लोकांनी त्याला किपर-विपर नाव दिलं. काट्याचं पारडं झुकवायचं, जड नाणी निवडून वितळवायची, त्यात तांबं घालून दुप्पट-तिप्पट नाणी पाडायची. यात राजेही होते. सॅक्सनीनेही ६०, ४०, २० ग्रोशन असे मोठमोठे आकडे घातलेली नाणी काढली, त्यांपैकी काहींवर ढाल धरलेला देवदूत आहे. दिसायला देखणी, चांदीने गरीब. १६२३ मध्ये सगळं रद्द होऊन जुनं माप परत आलं. त्यामुळे १६२१-२२ चं नाणं हलकं किंवा हिणकस निघालं तर ते खोटं असेलच असं नाही, ते त्या वेळचं सरकारीच फसवणुकीचं नाणं असू शकतं! हौसेने ही नाणी जमवणारे लोक आहेत.

दुसरा १७५६ ते १७६३. प्रशियाच्या फ्रेडरिकने सॅक्सनी काबीज केली आणि लाइपझिगची टांकसाळ एफ्राइम आणि इत्सिग या कंत्राटदारांना चालवायला दिली. सॅक्सनीच्याच राजाचा चेहरा, साल मागचं, १७५३, आणि आत चांदी कमी. आठ ग्रोशनच्या अशा नाण्यांना एफ्राइमिट म्हणतात. ‘बाहेरून छान, आतून घाण, बाहेरून फ्रेडरिक, आतून एफ्राइम’ अशा अर्थाचं यमक तेव्हा लोकांच्या तोंडी होतं. शिव्या कंत्राटदारांनी खाल्ल्या, नफ्यातून युद्ध राजाने लढलं.

हे युद्ध संपल्यावर, १७६३ च्या ऑक्टोबरात, फ्रीडरिश ख्रिस्तियान गादीवर आला आणि डिसेंबरात देवीने गेला. अडीच महिन्यांची कारकीर्द, तरी त्याच्या नावाची नाणी आहेत.

चौथी पायरी: नाण्याची तब्येत

माझा पहिला टालर ऑनलाइन लिलावातून आला. योहान गेओर्ग, फोटोत झकास. घरी वजन केलं तर २७.९. काट्याची बॅटरी बदलून पाहिली, तरी २७.९. ओळखीच्या सोनारकाकांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, नाणं दोन बोटांत फिरवलं, आणि राजाच्या डोक्यावर, बरोबर बाराच्या जागी थांबले.

“इथं डाग दिलाय.”

“कसला डाग?”

“कडी होती इथं. काढली, भरून घेतलं, कानस मारली. आपल्याकडे पुतळीला असते तशी कडी. ही बघ, इथली कड बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे, आणि इथली दोन अक्षरं कुणीतरी नंतर कोरलीत.”

भिंगातून बघितल्यावर मलाही दिसलं, आधी का दिसलं नाही याचं आश्चर्य वाटलं. युरोपातही लोक ही नाणी गळ्यात घालायचे, बारशाला भेट द्यायचे, त्यामुळे कडी लावलेली नाणी पुष्कळ. जर्मन वर्णनात ‘हेंकलश्पूर’ हा शब्द दिसला की कडीची खूण समजा. विकणाऱ्याने तो शब्द लिहिला नव्हता, मी विचारला नव्हता. ते नाणं मी ठेवलंय, अजून नवख्यांना दाखवायला कामाला येतं.

वर्णनातले बाकीचे शब्दही शिकून घ्या, पण शब्दकोशातून नको. ‘श्योन’ म्हणजे जर्मनमध्ये सुंदर. नाण्यांच्या बाजारात श्योन म्हणजे घासून सपाट झालेलं. ‘झेअर श्योन’, फार सुंदर, म्हणजे वापरलेलं पण सगळं वाचता येणारं. सुरुवातीला हेच घ्या. ‘फोरत्स्यूगलिश’ म्हणजे खरोखर छान, आणि किंमतही तशी. ‘गेराइनिग्ट’ म्हणजे घासून साफ केलेलं. ‘राण्डफेलर’ म्हणजे कडेला इजा.

सगळ्या खुणा वाईट नसतात. टालरच्या पृष्ठभागावर समांतर बारीक ओरखडे, ठशाच्या खालून गेल्यासारखे दिसले तर ते बहुधा टांकसाळीतलेच: चकती जड निघाली की छापायच्या आधी कानस मारून वजनात आणत. कडेला चीर असेल तर हातोड्याच्या घावाने चकती फाटलेली असू शकते. किंमत थोडी कमी होते, खरेपणाला धक्का नाही.

पाचवी पायरी: खोटं कसं पकडायचं

चुंबकाला चिकटलं तर विषय संपला. चिकटलं नाही म्हणून खरं, असं मात्र नाही.

ओतीव नक्कल भिंगाखाली कळते. अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेवर कधीकधी दोन अर्धे जोडल्याची रेघ. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षराची भिंत उभी चढते.

मग पाण्याची परीक्षा. छोट्या वाटीत पाणी घ्या, काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि वाटीच्या कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. २९.१ ग्रॅमच्या खऱ्या टालरला तो साधारण २.८३ यावा, कारण या कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या जवळ असते. वजन तेवढंच आणि पाण्यातला आकडा ३.२-३.४ आला, तर आत निकेल-तांबं किंवा पितळ आहे आणि वरून मुलामा. ही परीक्षा मला सगळ्यात जास्त विश्वासाची वाटते, कारण नक्कल करणारा चेहरा आणि वजन जुळवतो, दोन्हीबरोबर आकारमान जुळवणं त्याला चांदी वापरल्याशिवाय सहसा जमत नाही.

आणि वाजवून बघणं? आपले आजोबा रुपया दगडावर वाजवून घ्यायचे. चारशे वर्षांच्या नाण्यावर ते करू नका. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. खरी चांदी खणखणीत आणि लांब वाजते. पण आत चीर असेल तर खरं नाणंही बद्द आवाज देतं, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

घरी आणल्यावर

चांदीची भांडी आपण रांगोळीने, चिंचेने घासतो. नाण्याला यातलं काही लावायचं नाही. टूथपेस्ट तर अजिबात नाही. तो काळपट-निळसर थर शंभर वर्षांत चढलेला असतो आणि नाण्याची अर्धी किंमत त्यातच असते. हिरवट चिकट लेप असेल, तर तो बहुतेक वेळा जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न घासता वाळवावा. मुंबई-कोकणच्या हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. रबरबँड आणि वर्तमानपत्र दोन्हींत गंधक असतं, चांदी काळी पडते.

प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: राजा, साल, खूण, वजन, पाण्यातला आकडा, कुठून कधी घेतलं. लिलावाच्या यादीत डॅव्हनपोर्ट किंवा श्ने यांच्या टालर-सूचींतला क्रमांक असेल तर तोही उतरवा, पुढे जोडी शोधायला तोच उपयोगी पडतो. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. सुट्टीत इकडे दाखवायला आणण्याआधी याचा विचार करा, किंवा फोटोच आणा.

बघायला जायचं असेल तर

ड्रेस्डेनच्या राजवाड्यात नाण्यांचं दालन आहे, ते बघाच, पण घाईत असाल तर मी आनाबर्गला जा म्हणेन. तिथल्या सेंट आनाच्या चर्चमध्ये हान्स हेसेने १५२१ च्या सुमाराला रंगवलेली खाणकामगारांची वेदी आहे. खाणीत उतरणारे लोक, धातुक धुणारी बाई, भट्टी, आणि एका पटावर नाणी पाडणारा कारागीर. ज्या पिढीने टालर काढला तिच्याच डोळ्यांसमोरचं काम. ही चित्रं वेदीच्या मागच्या अंगाला आहेत. बरेच लोक पुढूनच बघून परत फिरतात, तेव्हा वळसा घालून मागे जा.